स्टार ओळखीचा, पिक्चर अनोळखी: पब्लिक दोन तुकड्यांत का फुटतं?

पडद्यावर माधुरी दीक्षित, शाहरुख खान, नसिरुद्दीन शाह, शबाना आझमी आणि मोहन आगाशे, एवढी मंडळी आहेत आणि पिक्चरला सरळ गोष्टच नाही. माधुरी कधी बनारसची अंध गायिका, कधी शकुंतला, कधी मोनालिसा, कधी आजच्या काळातली मोनिका. नसिरुद्दीन लिओनार्दो दा विंची, आगाशे कालिदास. डिसेंबर २०००मध्ये ‘गजगामिनी’ लागला तेव्हा तिकीट काढणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात ‘हम आपके हैं कौन’ची माधुरी होती. दिग्दर्शकाच्या डोक्यातही तीच होती म्हणा. हे दिग्दर्शक म्हणजे चित्रकार मकबूल फिदा हुसेन. त्यांनी ‘हम आपके हैं कौन’ ६७ वेळा पाहिल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. पण तिला घेऊन त्यांनी केलं ते भलतंच. पिक्चर पडला. काहींना ती हलती चित्रं वाटली, काहींना दोन तासांची थट्टा.

इंदूरला हा किस्सा जरा जवळचा. हुसेन जन्माने पंढरपूरचे, पण वाढले इंदुरात. चित्रकला शिकले ती इथल्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली, ना. श्री. बेंद्रेही त्याच मास्तरांचे विद्यार्थी. पुढे मुंबईत हुसेननी सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. स्टारचा चेहरा भिंतीएवढा रंगवला की पब्लिक कसं येतं, हे ज्याने ब्रशने शिकून घेतलं होतं, त्याच माणसाने कोणत्याच होर्डिंगवर मावणार नाही असा पिक्चर काढला. या लेखाचा विषय नेमका हाच सांधा आहे: ओळखीचा स्टार आणि अवघड पिक्चर. असे पिक्चर दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या भाषेत येतात, आणि दर वेळी तेच भांडण होतं: एक बाजू म्हणते “पब्लिकला अक्कल नाही”, दुसरी म्हणते “दिग्दर्शकाला माज आहे”. दोन्ही निदानं आळशी आहेत.

तिकिटावर न छापलेला करार

आधी स्टारला अशा पिक्चरमध्ये घेतात कशासाठी ते पाहू. कारण साधं आहे: पैसे आणि पडदे. अनोळखी नटांचा अवघड पिक्चर महोत्सवांत फिरतो आणि चार शहरांत एकेक शो मिळवून घरी जातो. त्यात मोठं नाव आलं की फायनान्सर दार उघडतो, ओटीटीवाला किंमत सांगतो, मल्टिप्लेक्स पहिल्या शुक्रवारी शो देतं. स्टार बऱ्याचदा मानधन कमी करून येतो, कारण त्यालाही वेगळं काही करायचं असतं. इथवर सगळे खूश.

अडचण पुढची. स्टारचं नाव हे वचन असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या माणसाने जे जे केलं त्याची बेरीज प्रेक्षक सोबत घेऊन येतो: हा मार खात नाही, ही रडली तरी शेवटी हसते, याच्या पिक्चरला बायकापोरांना घेऊन गेलं तरी खाली मान घालावी लागत नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, तरी पैसे त्याचेच दिलेले असतात. गिऱ्हाइकाच्या समाधानाचा अभ्यास करणारे १९८०पासून एक गोष्ट सांगत आले आहेत (रिचर्ड ऑलिव्हर यांची मांडणी): समाधान हे मालाच्या दर्जाएवढंच, अपेक्षा आणि अनुभव यांतल्या फरकावर ठरतं. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जिलेबी म्हणून हातात कारल्याची भजी पडली, तर भजी उत्तम असली तरी पहिला घास थुंकलाच जाणार. तीच भजी ‘कारल्याची भजी’ म्हणून विकली असती तर गिऱ्हाईक कमी आलं असतं, पण जे आलं असतं ते जेवून गेलं असतं.

अपेक्षेची सगळ्यात मोठी गडबड ट्रेलरमध्ये होते. अवघड पिक्चरच्या १२० मिनिटांत हालचालीची, आरडाओरड्याची, चुंबनाची, रक्ताची मिळून सात-आठ मिनिटं असतात. ट्रेलर त्या सात-आठ मिनिटांतूनच कापला जातो, कारण चार मिनिटं खिडकीबाहेर पाहणारी बाई ट्रेलरमध्ये बसत नाही. म्हणजे ट्रेलर खोटं काही दाखवत नाही, फक्त प्रमाण बिघडवतो. खिचडीतले काजू वेचून ताटलीत मांडावेत आणि ‘ही आमची खिचडी’ म्हणावं, तसं.

याचं नमुनेदार उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१७चा ‘मदर!’, दिग्दर्शक डॅरन अरोनोफ्स्की, नायिका जेनिफर लॉरेन्स. ती तेव्हा तिथली पहिल्या रांगेतली स्टार. जाहिरात भयपटाची: एकाकी घर, आगंतुक पाहुणे. प्रत्यक्षात पिक्चर बायबलचं रूपक, नावं नसलेली पात्रं, कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ नायिकेच्या चेहऱ्याला चिकटलेला, पार्श्वसंगीत नाही, आणि उत्तरार्धात सहन होणार नाही असा हिंसाचार. व्हेनिसच्या महोत्सवात टाळ्याही पडल्या आणि हुर्योही झाली. साधारण दोन-तृतीयांश समीक्षकांचा कौल अनुकूल. आणि पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी दिला ‘एफ’.

हा ‘एफ’ काय असतो ते समजून घेण्यासारखं आहे. सिनेमास्कोर नावाची अमेरिकन संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या दिवशी थिएटरबाहेर प्रेक्षकांच्या हातात छोटं कार्ड देते आणि ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी विचारते. पहिल्या दिवशी येणारा माणूस आधीच राजी होऊन आलेला असतो, त्यामुळे बहुतेक पिक्चरांना ‘ए’ किंवा ‘बी’ मिळतो. ‘सी’ म्हणजेच धोक्याची घंटा. इतक्या वर्षांत ‘एफ’ मिळालेले पिक्चर दोन डझनांच्या आतबाहेरच असतील. त्यांत भिकार पिक्चर आहेतच. पण त्याच यादीत जॉर्ज क्लूनीचा २००२चा ‘सोलारिस’ आहे आणि ब्रॅड पिटचा २०१२चा ‘किलिंग देम सॉफ्टली’ही. मोठा स्टार, संथ किंवा कडवट पिक्चर आणि शुक्रवारची रात्र, हे तिन्ही एकत्र आलं की श्रेणी कोसळते. इथे ‘एफ’चा अर्थ ‘वाईट’ असा घेऊ नये. ‘मला हे सांगितलं नव्हतं’ असा घ्यावा.

आपल्याकडे कार्ड नाही, पण चाल तीच. जानेवारी २०२४मध्ये स्टार मोहनलाल आणि दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिसेरी यांचा ‘मलैकोट्टै वालिबन’ लागला. मल्याळी चाहत्यांना हवी होती मोहनलालची गर्जना, मिळाली संथ दंतकथा. पहिल्या शोनंतर लगेच नाराजी सुरू झाली, आणि त्या पिक्चरवर जीव टाकणारेही तेवढ्याच जोरात बोलू लागले. २००७च्या ‘नो स्मोकिंग’चं, म्हणजे जॉन अब्राहम आणि अनुराग कश्यपचं, असंच झालं होतं.

अभिनवगुप्ताची सात विघ्नं

यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण सगळ्यात कामाचं हत्यार हजार वर्षांपूर्वीचं आणि आपलंच आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजून दिली आहेत, आणि बहुतेकांवर उपायही सांगितले आहेत. संस्कृत नावांना घाबरायचं कारण नाही. प्रत्येक विघ्न म्हणजे मध्यंतरात ऐकू येणारं एकेक वाक्य आहे.

पहिलं, समोरचं शक्यच न वाटणं: “असं कुठे असतं का?” यावर त्याचा उपाय आहे रामासारखे आधीच प्रसिद्ध नायक घेण्याचा; त्यांच्याबाबत काहीही घडलं तरी मन मानतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. प्रेक्षक ‘हे माझं’ किंवा ‘हे त्या अमक्याचं’ या हिशेबात अडकतो, म्हणजे समोर दुष्यंत दिसण्याऐवजी दुष्यंताचं काम करणारा नट दिसत राहतो. उपाय म्हणून तो पूर्वरंग (नाटकाआधीचे विधी), प्रस्तावना आणि मुकुट-वेशभूषा सांगतो. आधी ‘हा नट आहे’ हे उघड दाखवायचं आणि मग मुकुटाखाली नटाला झाकून टाकायचं. आता बघा, स्टार म्हणजे ज्याचा मुकुट कधी चढतच नाही असा नट. माधुरी शकुंतला झाली तरी प्रेक्षक माधुरीच बघतो. धंदेवाईक पिक्चरला ते चालतं, नव्हे तेच हवं असतं, कारण तिथे गोष्टच स्टारभोवती विणलेली असते. आर्टफिल्मला तो नट झाकायचा असतो, आणि पोस्टरवर मात्र उघडा ठेवायचा असतो. हे दोन्ही एकदम साधत नाही.

तिसरं विघ्न, स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणं. इंदूरच्या ए. बी. रोडच्या जाममधून दीड तास काढून माणूस सीटवर टेकतो. डोक्यात पार्किंग, घरी एकट्या ठेवलेल्या आईचं औषध, उद्याची मीटिंग. अभिनवगुप्ताचा उपाय म्हणजे गाणं-बजावणं, सजवलेला मंडप, कसलेल्या नर्तकी. हिंदी पिक्चरची पहिली दहा मिनिटं हा उपाय इमानेइतबारे करतात. आर्टफिल्म मात्र पहिली दहा मिनिटं गाणं तर सोडाच, संवादही देत नाही. ज्याचं मन मोकळं आहे तो आत शिरतो, ज्याचं नाही तो मोबाईल काढतो. तो उजेड मागच्या तीन रांगांना दिसतो आणि त्यांचंही लक्ष तुटतं.

चौथं आणि पाचवं विघ्न जुळी भावंडं आहेत: कळण्याची साधनं अपुरी आणि जे दिसतं ते अस्पष्ट. इथे दिग्दर्शकाची चूक नसते अशा वेळाही पुष्कळ येतात. काळोखात चित्रित केलेला पिक्चर उतरलेल्या लॅम्पच्या प्रोजेक्टरवर निव्वळ काळा दिसतो. कुजबुजीचे संवाद शेजारच्या स्क्रीनच्या धडामधुडमात बुडतात. सबटायटलची खालची ओळ पुढच्या माणसाच्या डोक्याआड जाते. “कळला नाही” म्हणणाऱ्याला अर्थ कळला नाही की शब्दच ऐकू आले नाहीत, हे आधी विचारावं. बऱ्याचदा उत्तर दुसरं निघतं.

सहावं विघ्न म्हणजे मुख्य काय तेच न ठरणं, त्यावर फार बोलायला नको. सातवं मात्र मजेशीर: संशय. पडद्यावर डोळ्यांत पाणी आहे. ते आनंदाचं, दुःखाचं की डोळ्यात गेलेल्या कचऱ्याचं? अभिनवगुप्त म्हणतो, आजूबाजूच्या खुणा एकत्र आणा, संशय फिटेल. आणि चिथावणारा आर्टफिल्मवाला नेमक्या त्याच खुणा काढून घेतो. त्याला संशय तसाच ठेवायचा असतो.

म्हणजे शास्त्रकार ज्यांना विघ्न म्हणतो त्यांतली दोन-तीन हा दिग्दर्शक मुद्दाम वाटेत ठेवतो. ओलांडायला दम लागावा म्हणून. हे पूर्णपणे रास्त आहे. पण ओलांडायची तयारी करून आलेला प्रेक्षक आणि सपाट रस्ता समजून आलेला प्रेक्षक यांना एकाच रांगेत बसवलं, तर एकाला व्यायाम होणार आणि दुसऱ्याचा पाय मुरगळणार.

सरासरीच्या पोटात काय दडलंय

आता आकड्यांकडे. अॅपवर ‘६.०’ दिसलं की आपण समजतो, ठीकठाक आहे. दुभंगलेल्या पिक्चरच्या बाबतीत हा आकडा साफ फसवा असतो. १०० जणांनी १० पैकी ६ दिले तर सरासरी ६. ५० जणांनी १० दिले आणि ५० जणांनी २ दिले, तरी सरासरी ६च. पहिला पिक्चर बघून तुम्ही बाहेर येऊन चहा प्याल आणि विसराल. दुसरा बघून घरी भांडण होईल. आणि गंमत अशी की दुसऱ्याला ‘६’ देणारा एकही माणूस नाही. म्हणजे जाहीर झालेला आकडा हे कुणाचंच मत नाही.

म्हणून सरासरी सोडा, वाटणी बघा. आयएमडीबी या सिनेमाच्या वेबसाइटवर रेटिंगच्या आकड्यावर टिचकी मारली की १ ते १० अशा दहा पट्ट्या उघडतात. पट्ट्यांचा आकार एका डोंगरासारखा, मधे फुगलेला, असेल तर लोकांचं साधारण एकमत. दोन्ही टोकांना उंच आणि मधे खड्डा असेल तर तो दुभंगलेला पिक्चर. पण थांबा, एक खोट इथेही आहे. वाद पेटलेल्या पिक्चरला न पाहताच १ देणारे आणि न पाहताच १० देणारे झुंडीने येतात. त्यामुळे टोकाच्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवून झाका आणि २ ते ९ यांचाच आकार बघा. खड्डा तरीही शिल्लक राहिला तर दुभंग खरा. खड्डा गायब झाला तर भांडण पिक्चरबद्दल नव्हतंच, बाहेरच्या कशाबद्दल तरी होतं.

समीक्षकांचे कौल मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटच्या टक्केवारीचा अर्थ तर बहुतेक जण उलटाच लावतात. ८५ टक्के म्हणजे १०० पैकी ८५ गुण नव्हेत. ८५ टक्के समीक्षकांनी ‘बघायला हरकत नाही’ किंवा त्याच्या वरचं काहीतरी म्हटलं, एवढंच. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तर १०० टक्के होतात. अर्ध्यांनी ‘या दशकातला सर्वोत्तम’ म्हटलं आणि अर्ध्यांनी ‘असह्य’, तर ५०. आणि ६०च्या खाली टोमॅटो सडका. म्हणजे कुणालाच न दुखवणाऱ्या पिक्चरला ही पद्धत डोक्यावर घेते आणि चिथावणाऱ्याला पाडते. प्रेक्षकांच्या रकान्यातही ५ पैकी साडेतीन तारे दिले तरच ‘आवडला’ धरतात. तीन तारे देणारा भला माणूस तिथे विरोधकांत मोजला जातो.

शोध घ्यायचा सोपा उपाय: तीन-चार तारे देणाऱ्यांची परीक्षणं वाचा. पाच आणि एक वाले स्वतःबद्दल बोलतात. मधले लोक पिक्चरबद्दल बोलतात.

सोमवारी शो कुठे जातो

“चांगला होता तर उतरवला कसा?” हा प्रश्न इंदूरकरांना तरी पडू नये. वितरणाच्या नकाशात सेंट्रल इंडिया, म्हणजे ‘सी. आय.’ टेरिटरीचा कारभार पिढ्यानपिढ्या इथूनच चालला. टॉकीज कशाने चालते हे इथल्या रस्त्यांनाही ठाऊक. मधुमिलन चौक आणि सपना-संगीता रोड ही नावं टॉकीजांनीच दिली आहेत.

हिशेब मांडू. २००९मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला दोन महिन्यांचा संप मिटला तेव्हा वाटणी ठरली ती अशी: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. तिकीट २३६ रुपयांचं धरा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये कर आणि उरले २००. पहिल्या आठवड्यात वितरकाला १००, थिएटरला १००. चौथ्या आठवड्यात वितरकाला ६०, थिएटरला १४०. कागदावर बघितलं तर पिक्चर जितका टिकेल तितकं थिएटरचं भलं. मग उतरवतात कशाला?

कारण २५० खुर्च्यांच्या हॉलमध्ये चौथ्या आठवड्याला २० माणसं असली तर १४० गुणिले २०, म्हणजे २,८०० रुपये. त्याच हॉलमध्ये नव्या पिक्चरला १५० माणसं बसली तर १०० गुणिले १५०, म्हणजे १५,०००, वर १५० जणांचं पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंक. ट्रेडमधला ढोबळ नियम सांगतो की सोमवारचं कलेक्शन शुक्रवारच्या निम्म्याखाली गेलं की धोका. शो आधी संध्याकाळचा जातो, मग सकाळी ९चा उरतो, मग गुरुवारी तोही संपतो.

खरा अन्याय वेळापत्रकाचा आहे. स्टारसाठी येणारा माणूस शुक्रवारी येतो. पिक्चरसाठी येणारा आधी चार जणांचं वाचतो, दोघांना विचारतो आणि आठ-दहा दिवसांनी निघतो. पहिल्याची निराशा तीन दिवसांत शो खाते. दुसरा पोहोचतो तेव्हा काचेवर दुसरंच पोस्टर. ज्याच्यासाठी पिक्चर बनला त्याने तो पाहिलेलाच नसतो, आणि निकाल लावलेला असतो ज्याच्यासाठी तो बनलाच नव्हता त्याने.

यावर मोठ्या बॅनरनाही फार उपाय सापडलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात थोड्याच स्क्रीन, रोज एकच पण ठरलेल्या वेळेचा शो, आणि तो तीन आठवडे न हलवण्याचं बोलणं आधीच करून ठेवणं, हा मार्ग कामाचा आहे. तो क्वचित निवडला जातो, कारण स्टारच्या मॅनेजरला पहिल्या दिवसाचा मोठा आकडा हवा असतो.

पाच गट, पाच प्रयोग

माणसं बदलली की कलाकृती बदलते हे पाहायला इंदूरमध्ये सिनेमाच्याही आधी मराठी नाटक आहे. सानंद न्यास ही इथली सभासदांना नाटकं दाखवणारी संस्था एकच नाटक आपल्या पाच सभासद-गटांना दाखवतो: मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार. नट तेच, संहिता तीच, खंडवा रोडचं विद्यापीठ सभागृहही तेच. तरी कुठल्याही नटाला विचारा, सकाळच्या प्रयोगाचा हशा आणि रात्रीच्या प्रयोगाचा हशा एकाच वाक्यावर येत नाही. कुठे पहिल्या अंकातच खोली गरम होते, कुठे शेवटपर्यंत खोकलेच ऐकू येतात.

याची यंत्रणा अशी. अवघड किंवा उघडावाघडा प्रसंग आला की हॉलमध्ये दोन-तीन जण अवघडून हसतात. ते हसणं विनोदाचं नसतं, सुटकेचं असतं. पण आजूबाजूच्या पंधरा जणांना तेवढी परवानगी पुरते. आता प्रसंग ‘हसण्याचा’ ठरला. जो चौथ्या रांगेत हेलावून बसला होता त्याला स्वतःचीच लाज वाटते, आणि तो एक तर गप्प होतो किंवा हसणाऱ्यांवर खेकसतो. खेकसला की दोन पक्ष झाले. बाहेर आल्यावर दोघेही पिक्चरबद्दल बोलतोय असं समजतात. खरं तर ते एकमेकांबद्दल बोलत असतात. घरी एकट्याने पाहताना हा दुभंग निम्मा विरघळतो, पण मग रिमोट हातात असतो आणि तेराव्या मिनिटाला सुटका एका बटणावर असते.

सभासद पद्धतीत आणखी एक गोष्ट घडते, जी मल्टिप्लेक्सला जमत नाही. सभासदाने पैसे वर्षाचे भरलेले असतात, एका नटाचे नव्हे. त्याचा करार संस्थेशी असतो. एखादं नाटक डोक्यावरून गेलं तरी तो म्हणतो, “या वेळचं काही जमलं नाही बुवा,” आणि पुढच्या वेळी येतो. फसवल्याची भावना येत नाही. फिल्म सोसायट्यांनी अवघड सिनेमा दशकानुदशकं दाखवला तो याच हिशेबावर.

‘कळलं नाही’ आणि ‘दाखवायला नको होतं’

या दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या की चर्चा चिखलात जाते. पहिली आस्वादाची, दुसरी नीतीची. “कळलं नाही” म्हणायला लाज वाटते म्हणून माणूस “घाणेरडा आहे” म्हणतो. आणि “मला हे अश्लील वाटलं” म्हणालो तर मागास ठरू म्हणून दुसरा “संथ आहे हो” म्हणतो. दोघांनीही अदलाबदल केलेली असते.

सेन्सॉरच्या दाखल्याचाही इथे गोंधळ होतो. नव्या नियमांनुसार यूएमध्ये ७, १३ आणि १६ वर्षं अशा तीन पायऱ्या आहेत आणि ए म्हणजे १८च्या वर. दाखला वय सांगतो, रुची सांगत नाही. ‘ए’ पाहून मसाला अपेक्षित धरणारे आणि ‘यूए’ पाहून आजीला नेणारे, दोघेही वाट चुकतात. आणि दाखला मिळाला म्हणजे विषय संपला असंही नाही. हुसेन यांचाच पुढचा ‘मीनाक्षी’, त्यात तब्बू, २००४मध्ये रीतसर दाखला घेऊन लागला होता. एका गाण्यातल्या शब्दांवर धार्मिक संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेननी स्वतःच तो काही दिवसांत थिएटरमधून काढून घेतला. तो आवडला-नावडला हे ठरायला वेळच मिळाला नाही.

गटाने बघायचा असेल तर

सुदामा नगर, राजेंद्र नगर, रामबाग अशा वस्त्यांत वाचनालयं आहेत, भिशी गट आहेत, ज्येष्ठांची मंडळं आहेत. असा पिक्चर गटाने बघून त्यावर बोलायचं असेल तर थोडी तयारी लागते. आधी एक सूचना: घरच्या ओटीटीवरून हॉलमध्ये शंभर जणांना दाखवू नका, ते वर्गणीच्या अटींत बसत नाही. थिएटरचा शो गाठा आणि नंतर बसा.

आदल्या दिवशी गटाला तीन ओळींचा निरोप पाठवा. गोष्ट सांगू नका, प्रमाण सांगा: “दोन तास दहा मिनिटं, गाणी नाहीत, वेग संथ, दोन प्रसंग अंगावर येणारे, शेवट उघडा.” स्टारचं नाव या तीन ओळींत मुद्दाम टाळा. एवढ्याने चार जण गळतील. गळू द्या.

पिक्चर संपल्यावर “काय, कसा वाटला?” हा प्रश्न विचारायचा नाही. सगळ्या चर्चांचा घात तिथेच होतो. ज्याचा आवाज मोठा ते काका पहिलं वाक्य टाकतात, “मला तर बाबा बंडल वाटला,” आणि पुढचे सहा जण त्याच वाक्याला पाठिंबा किंवा विरोध करत बसतात. त्याऐवजी बोलायच्या आधी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी वाटा आणि दहा मिनिटं गप्प बसून लिहू द्या. प्रश्न चारच: काय बघायला आला होता? कुठल्या प्रसंगाला पिक्चर सुटला किंवा पकडला? काय ऐकू-दिसू-समजलं नाही? १० पैकी किती? नाव नको, वय लिहिलं तर बरं.

चिठ्ठ्या वाचताना गुण शेवटी वाचा. आधी पहिल्या उत्तराप्रमाणे ढीग लावा: ‘नटासाठी’, ‘दिग्दर्शकासाठी’, ‘कुणीतरी आणलं म्हणून’. मग प्रत्येक ढिगाची सरासरी वेगळी काढा. समजा ४० चिठ्ठ्या आल्या: नटासाठी आलेले १८, सरासरी ३, दिग्दर्शकासाठी ८, सरासरी ८, ओढून आणलेले १४, सरासरी ६. सगळ्यांची मिळून ५ आणि थोडं वर, म्हणजे ‘टुकार ते बरा’ यांच्या मधलं काहीतरी. ढीग लावल्यावर दिसतं की रिकाम्या डोक्याने आलेल्या १४ जणांना पिक्चर बरा वाटला होता. या तिसऱ्या ढिगाकडे जास्त लक्ष द्या. पिक्चरबद्दलची सगळ्यात कमी रंगलेली साक्ष तिथे मिळते.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं एका कागदावर वेळेच्या क्रमाने मांडा. ‘सुटला’ म्हणणारे आणि ‘पकडला’ म्हणणारे अनेकदा एकाच प्रसंगावर बोट ठेवतात. तसं झालं तर चर्चा तिथूनच सुरू करा, बाकी सगळं सोडून.

आणि मध्यंतराला जे उठून गेले त्यांना विसरू नका. दाराशी एकाला चिठ्ठ्या देऊन उभं करा, जाणाऱ्याकडून तिथल्या तिथे दोन ओळी लिहून घ्या, रागात असला तरी. नाही तर मागे राहिलेल्यांचीच मतं मोजाल आणि पिक्चर सगळ्यांना आवडला अशा समजुतीत घरी जाल. त्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या कागदावर ठेवा, म्हणजे ढिगात मिसळणार नाहीत.